पालीचं कार्ड दिवेआगरात

९ जानेवारी, गुरुवार

चोर म्हणाला मला! तोंडाने नाही म्हणाला, पण अर्थ तोच.

बेलापूरच्या ऑफिसातून अजेय साहेबांचा फोन. वय बत्तीस, दिवेआगरला कधी पाऊल नाही. "अनंतराव, नवीन सॉफ्टवेअरने सगळ्या कॅबिनेटमधली कार्डं आपली आपण शोधली. तुमचं जोडीचं कार्ड कुठेच नाही. नागावचंही नाही. आणि पालीचं कार्ड तुमच्या कॅबिनेटमध्ये बसलंय. ये कैसे?"

मला काय माहीत कैसे! गावाचं इंटरनेट ज्या लोखंडी कपाटातून चालतं, त्यात दोन कार्डं असतात. एक काम करतं, दुसरं जोडीला तयार. ते जोडीचं कार्ड माझ्या डोळ्यांसमोर होतं, हिरवा दिवा लागलेला. वर स्टिकर, स्टिकरवर नंबर. तोच नंबर आठ वर्षं माझ्या वहीत आहे. म्हटलं, फोटो पाठवतो.

"स्टिकर कोणीही चिकटवतो, अनंतराव. सिस्टम कार्डाला विचारतं, स्टिकरला नाही."

जेवण गेलं नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

नीट समजावून घेतलं. सॉफ्टवेअर रोज प्रत्येक कॅबिनेटला हाक मारतं — आत कोण कोण? प्रत्येक कार्डात एक बारीक चिप असते, ती आपला नंबर सांगते. ज्या नंबरने ओ दिली नाही तो गायब. आमच्या शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे तसंच. पण गुरुजी निदान मान वर करून वर्गाकडे बघायचे!

साहेबांनी तर्क लढवला आहे — दोन असली कार्डं विकली, जागी नकली बसवली, आणि झाकायला पालीचं इकडे आणलं. लेखी खुलासा मागितलाय, माझ्याकडे आणि हिरामणकडेही. "दोघांपैकी एक जण जाणार, इतकं नक्की."

हिरामण पेणकडचा आगरी. पाली आणि नागाव तो बघतो, इकडचं मी. अकरा वर्षं एकत्र आहोत. वीसच्या वादळानंतर पडलेल्या पोफळींवरून चालत दोघांनी केबल ओढली होती.

१३ जानेवारी, सोमवार

हिरामणला फोन केला. "पालीचं कार्ड माझ्याकडे कसं आलं?"

"मना काय इचारतंस? तुज्या कपाटान हाय ना? तुज्या गनपती बाप्पाला इचार, तुजी वलख हाय!" आणि हसला.

हसला! नोकरी जायची वेळ आली आणि हा हसतो. ज्याच्या मनात काही नाही तो असा हसेल? की ज्याच्या मनात आहे तोच हसतो?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. बायकोने, किशोरीने, हातावर तिळगूळ ठेवला. दिवसभरात एक शब्द गोड निघाला नाही माझ्या तोंडून.

१६ जानेवारी, गुरुवार

खुलासा पाठवला. "कॅबिनेटच्या चाव्या आम्हा दोघांकडेही असतात. पाली व नागाव येथील काम हिरामण पाहतो. पालीचे कार्ड मी आणलेले नाही."

एकही शब्द खोटा नाही.

किशोरीने वाचलं. "खोटं नाही हो. पण हिरामणभावजींचं नाव कशाला?"

"मग कोणाचं घालू? तुझं?"

ओरडलोच. शेजारच्या वाडीत शिंपणं चालू होतं, तिथला गडी वळून बघायला लागला.

१७ जानेवारी, शुक्रवार

संकष्टी. अथर्वशीर्ष म्हणताना दोनदा अडखळलो. लहानपणापासून तोंडपाठ आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

हिरामणला घरी बसवलं. "दोन्ही खुलासे वाचले, त्यावरून ठरवलं," साहेब म्हणाले.

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. साधारण चार वाजेपर्यंत. मग त्याची बायको ठमी, तिचा फोन — "भावजी, तुमी सांगा ना सायबाला. तुमचा शब्द ऐकतील ते."

बघतो म्हटलं. काय बघणार? फोन ठेवला आणि साहेबावर असा संताप आला! माणसाला एकदा समोर बसवलं नाहीस, डोळ्यांत बघितलं नाहीस. पडद्यावरची एक ओळ बघितलीस आणि घरी बसवलंस त्याला.

पण त्या ओळीखाली माझी सही आहे.

३० जानेवारी, गुरुवार

पालीहून आत्ताच आलो. शनिवारी माघी गणेशजयंती, बल्लाळेश्वराला गर्दी लोटणार, म्हणून हिरामणच्या जागी मला पाठवलं होतं. जोडीचं कार्ड काढलं, धूळ पुसली, परत बसवलं. पाच मिनिटं झाली नसतील, साहेबांचा फोन — "अनंतराव, काय केलंत? पालीचं कार्ड पालीत आलं! तुमच्या दिवेआगरमधून गेलं!"

मी पालीत. दिवेआगरच्या कॅबिनेटला कुलूप, माझी आणि हिरामणकडून काढून घेतलेली, दोन्ही चाव्या माझ्या खिशात. कोणी नेलं मग? वाऱ्याने?

"नागावला हाक मारून बघा," म्हटलं.

थोड्या वेळाने साहेब हळू आवाजात — "आता नागावात दाखवतंय. पालीतून गेलं."

तीन कार्डं आणि नंबर एकच! ऑफिसात एका नंबरला एकच ओळ. ज्याने शेवटची ओ दिली, त्याच्या गावाला ती ओळ जाते. बाकी दोघं गायब.

देवळाच्या बाहेर कट्ट्यावर बसलो. आत जायची हिंमत होईना, कारण तोवर आठवलं होतं.

वादळात दिवेआगर आणि नागावची कार्डं खाऱ्या पाण्यात भिजली होती. नवीन मिळेनात. दवाखान्याची लाइन बंद. महाडचा गुणाजी कार्डं दुरुस्त करायचा, त्याच्याकडे घेऊन गेलो. नमुना म्हणून पालीचं चांगलं कार्ड मीच काढून नेलं आणि मीच सांगितलं, "ह्याच्यासारखी तंतोतंत करून दे. तसूभर फरक नको." त्याने इमानाने केली. चिपमधला नंबरसुद्धा उतरवला! आत नंबर असतो हे आम्हाला कुठे ठाऊक? आम्ही स्टिकर बघणारी माणसं.

पालीचं कार्ड परत नेऊन बसवलं, तेही मीच. हिरामण त्यात कुठेच नव्हता.

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी सगळं लिहून पाठवलं. चूक माझी, हिरामणचा संबंध नाही.

साहेब म्हणतात, "म्हणजे चोरीच नाही? चला, मिटलं. पण सिस्टम चुकीचं नव्हतं बघा."

चुकीचं नव्हतं! दहा दिवस एक माणूस घरी बसून लोकांची तोंडं चुकवतोय आणि ह्यांचं सिस्टम चुकीचं नव्हतं! फोनवर काय काय बोललो ते इथेही लिहीत नाही. शेवटी साहेबांनी सोमवारपासून हिरामणला कामावर घ्यायचं कबूल केलं. माझं काय करायचं ते नंतर कळवणार आहेत. कळवा.

आता हिरामणला सांगायचं राहिलं. त्याचं नाव मी लिहून दिलं होतं, हे.

२ फेब्रुवारी, रविवार

तीनदा फोन हातात घेतला. उद्या तो चिपा बदलायला इकडेच येणार आहे. तोंडावर सांगेन.

३ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. सगळं, एका दमात, मान खाली घालून. हिरामण ऐकत राहिला आणि खो खो हसला. "मी पन लिवलता रं तुजा नाव! तुज्या आदी दोन दिस. अनंताच्या घराची झडती घ्या, असा लिवलता. चा पाजतंस का आता?"

किशोरीने चहा आणला. तो दोन कप प्यायला. माझा कप अजून तसाच आहे. झडती! माझ्या घराची!