शेरू जेवत नाही

प्रिय सुमन,

आज पोळ्याची कर, सणाचा दुसरा दिवस. तुझी तेरवीही अजून झाली नाही आणि मी तुला पत्र लिहायला बसलो. हसशील. तू माहेरी जायचीस तेव्हा कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत मी. पण मघाशी मागच्या दारात जे झालं, ते दुसऱ्या कोणाला सांगू?

सुतकामुळे आपल्या घरी सण नाही. काल बैल शेजारच्या नारायणनं धुतले, सजवले आणि त्यानंच तोरणाखाली नेले. डबेही शेजारूनच येतात. तुझी बहीण कमल इचोड्याहून आली आहे, ती वाढते. मी ताटावर बसतो आणि तसाच उठतो. घास उतरत नाही.

आणि तुझा शेरू? तू गेल्यापासून नुसतं पाणी पितो. मागच्या दारात तुझ्या पाटाजवळ पडून असतो.

आज घरोघरी मटण, म्हणून जो तो त्याच्यासाठी हाडं घेऊन आला. मायेनंच आणली, पण मला धडकी भरली. मागच्या वर्षी करीलाच हाड घशात अडकून तो मरता मरता वाचला होता ना? शिजलेलं हाड चिरतं आणि टोचतं, असं जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं. तेव्हापासून सणावाराला अंगणात तुझा पहारा. "कोनी हाड टाकू नका रे, मुका जीव हाय." पाहुण्यांची उष्टी हाडं बादलीत भरून वर दगड ठेवायचीस. मी चिडवायचो, "पाहुन्यापेक्षा कुत्र्याचाच मान मोठा." तू म्हणायचीस, "पाहुने उद्या जातीन. हा कोठी जाईन?"

आज त्याच्यापुढे ढीग पडला. लाळ गळत होती, पण त्यानं तोंड लावलं नाही. किती शिकवलंस ग त्याला! इतकं कशाला शिकवलंस?

मी हाडं उचलून बादलीत टाकली. ज्वारीची भाकर कोमट पाण्यात कुस्करली, तुझ्या पाटावर बसलो आणि तुझ्यासारखंच म्हणालो, "घे राजा." त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण घेतलं नाही. मला तिथंच रडू फुटलं.

कमल दारात उभी होती. म्हणाली, "भाऊजी, तुमी खाल्लं कोठी? अक्का आधी आपला घास खाये, मंगच त्याले देये."

खरंच की. सणाला सगळ्यांच्या पंगती उठल्यावर तू मागच्या दारात जेवायला बसायचीस. तोवर तू उपाशी, आणि तुझ्यासोबत तोही. एखाद्या पोळ्याला मीही तिथं येऊन बसलो असतो, तर काय बिघडलं असतं?

मी त्याच्याच भाकरीतला तुकडा तोंडात घातला. आळणी होता. गळ्याखाली जाईना, पण शेरू माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसला होता. मोठ्या कष्टानं गिळला. मग त्यानं माझ्या हातातून खाल्लं. सगळी थाळी चाटून पुसून खाल्ली, सुमन.

आता पुढच्या पोळ्याला अंगणात पहारा माझा. कोणाचंही हाड त्याच्यापुढे पडू देणार नाही, मग पाहुणे रुसले तरी चालतील. आणि दोन्ही वेळा तुझ्या पाटावर बसून जेवीन. तुझ्याशिवाय जेवायचं मनात नाही. पण मी जेवलो नाही तर तो जेवणार नाही.

तुझा,
रामदास