उतरायची वेळ

३ मार्च, सोमवार

आले एकदाची! गाडी वीस मिनिटं उशिरा, बॅग नको इतकी जड, आणि तरी मन हलकं. ताईनं स्टेशनवर तीनदा विचारलं, एकटीला जमेल ना म्हणून. एकेचाळीस वर्षांच्या बाईला न जमायला काय झालं, असं मी म्हटलं. डोळे तिनं पुसले, मी नाही. नवरा गेल्यापासून अकरा महिन्यांत मला एकदाही रडू आलेलं नाही. लोकांना ते खटकतं. मलाही खटकायला हवं, पण तेवढंही होत नाही.

गाव मात्र छान आहे. तटबंदीच्या आत दाटीवाटीनं बसलेलं, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या खिडकीतली बाई केस विंचरताना तिच्या कंगव्याचे दात मोजता यावेत. माझी खोली ऑफिसच्या वरच आहे. एक खाट, एक टेबल, दोन खुर्च्या. खिडकीतून जुन्या घंटेचा मनोरा दिसतो.

ऑफिस म्हणजे तीन टेबलं आणि एक भिंतभर नकाशा. काम एकच: वसंतात नवरा-बायकोंसाठी अडीच दिवसांच्या सहली आखायच्या. शुक्रवारी दुपारी येणं, रविवारी संध्याकाळी जाणं. मालकीणबाई साठीच्या, बोलायला तिखट, चालायला माझ्यापेक्षा चपळ. उजवा हात सदा कोटाच्या खिशात. चहा डाव्या हातानं ओतला, किल्लीही डाव्या हातानंच दिली. मला वाटलं, ऐट असेल.

५ मार्च, बुधवार

काम आवडलं. या ऑफिसची एक गंमत आहे, ती लिहून ठेवते.

प्रत्येक जोडीला एक जोडकार्ड मिळतं. पोस्टकार्डाएवढं, मधोमध घडी, डावीकडे बायकोचं नाव, उजवीकडे नवऱ्याचं. सहलीत पाच मुक्काम: खोली, तटबंदी, बाग, कॉफीचं दुकान, मनोरा. प्रत्येक ठिकाणच्या माणसाकडे आपापल्या आकाराचं छिद्र पाडायचं यंत्र. खोलीची किल्ली, तटबंदीचा चौकोन, बागेचं पान, कॉफीचा गोल, मनोऱ्याची घंटा. दोघं आले तरच छिद्र पाडायचं, दोन्ही भागांवर. पूर्वी म्हणे जोड्या इथे येऊन भांडायच्या, एकजण रुसून खोलीत बसायचा आणि परत गेल्यावर ऑफिसच्या नावानं बोटं मोडायचा. मालकीणबाईंनी हा तोडगा काढला. फिरायचं तर दोघांनी, नाहीतर घरी बसा.

मनोऱ्याचं आणखी वेगळंच. आत एकच गोल जिना, दोनशे बारा पायऱ्या, रुंदी एका माणसाची. चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले तर एकाला मागे फिरावं लागतं. म्हणून कार्डावर चढायची वेळ लिहायची तशी उतरायचीही लिहायची. मालकीणबाईंनी हे मला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून. उतरायची वेळ कोरी ठेवून कार्ड बाहेर जाता कामा नये. आणि सरावासाठी भरलेलं कार्ड त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत फाडायचं. का, ते सांगितलं नाही. प्रत्येक ऑफिसात असल्या दोन-चार खोडी असतातच.

७ मार्च, शुक्रवार

आज सरावाचं कार्ड भरायला सांगितलं. कुठलीही दोन नावं घाल, म्हणाल्या.

मी माझं घातलं आणि त्याचं घातलं.

हात सहज चालला. त्याचं नाव मी अकरा महिन्यांत फक्त दवाखान्याच्या आणि सरकारी कागदांवर लिहिलं होतं, तेही नेहमी ‘मयत’ या शब्दाच्या शेजारी. इथे ते माझ्या शेजारी आलं. बरं दिसत होतं.

आम्हाला इथे यायचं होतं, खरं तर. लग्नाला सोळा वर्षं झाली आणि दर वसंतात तो या गावाचं पत्रक घेऊन यायचा. दर वसंतात मी म्हणायची, पुढच्या वर्षी. ऑफिस, सासूबाईंचे गुडघे, घराचा रंग, काही ना काही असायचंच. शेवटी त्यानं माझं नावच ठेवलं, ‘पुढच्यावर्षी’. फोन उचलला की म्हणायचा, काय पुढच्यावर्षी, जेवलीस का.

तारखा या येत्या शुक्रवार-रविवारच्या टाकल्या, १४ ते १६. मनोरा रविवारी दुपारी चारला. उतरायची वेळ लिहायची राहिली, तेवढ्यात मालकीणबाईंनी नकाशा टांगायला हाक मारली. परत आले तर ऊन उतरलं होतं. कार्ड फाडलंस का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

पाकिटात आहे. दोन नावं एका ओळीत आहेत म्हणून ठेवलंय, बाकी काही नाही.

१० मार्च, सोमवार

खोल्यांच्या काकूंचा फोन आला. या काकू जोड्यांना आपल्या घरातली माडी देतात, मायाळू आहेत, बोलायला लागल्या की थांबत नाहीत. म्हणाल्या, शुक्रवारच्या जोडीतल्या यजमानांनी फोन करून खिडकीजवळची बाजू बाईंसाठी ठेवायला सांगितलंय. मी विचारलं कुठल्या जोडीतल्या, तर त्यांनी माझंच नाव वाचून दाखवलं.

सरावाची नोंद चुकून त्यांच्याकडे गेली असणार. फोन दुसऱ्याच कोणाचा असेल. तशी मी त्यांची समजूत काढली.

खिडकीजवळ मीच झोपायची, हे खरं.

१२ मार्च, बुधवार

ताईचा फोन. माझा आवाज सपाट येतोय म्हणाली. चार दिवस येऊ का, असंही विचारलं. सुट्ट्या वाया घालवू नकोस म्हटलं. दिवसभर अकरा जोड्यांची कार्डं केली. सगळ्यांच्या उतरायच्या वेळा लिहिल्या, दोनदा तपासल्या. माझ्या कार्डाला हात लावला नाही. त्या जागेवर पेन टेकवायचं मनात येतं आणि मग दुसरं काम निघतं. माझी सवयच आहे ती.

१४ मार्च, शुक्रवार

दुपारी तीनला काकूंची माडी बघायला गेले. नवीन माणसानं प्रत्येक मुक्काम स्वतः पाहून यायचा असतो. काकू दारातच हसल्या. म्हणाल्या, उशीर केलात, यजमान केव्हाचे आलेत, आत्ता खाली उतरले, जिन्यात भेटले नाहीत का.

जिन्यात कोणी नव्हतं.

माडीवर खुर्चीच्या पाठीवर टॉवेल होता. लांबीत घडी, मग पुन्हा घडी, कडा बाहेरच्या बाजूला. सोळा वर्षं मी त्याची ही घडी उलगडून टॉवेल दांडीवर टाकत आले. काकूंनी विचारलं, बरं नाही का वाटत. मी सांगितलं, खोली छान आहे.

खोलीवर येऊन कार्ड काढलं. दोन्ही भागांवर किल्लीचं छिद्र होतं. मी ते काकूंना दाखवलंही नव्हतं.

घाबरायला हवं, असं वाटलं. थांबून पाहिलं. भीती नाही आली. उजव्या हाताची करंगळी मात्र बधिर झाली आहे, मुंग्या येतात तशी, पण मुंग्यांशिवाय.

१५ मार्च, शनिवार, सकाळ

तटबंदी. मी रस्त्याच्या कडेनं जात होते आणि कधी आत सरकले ते कळलं नाही. तो नेहमी माझ्या उजवीकडून चालायचा, वाहनांच्या बाजूनं. मी आत सरकले की तो बाहेर. तसंच झालं. उजवीकडे कोणी नव्हतं. समोरून येणारी माणसं मात्र दोघांना वाट द्यावी तेवढी बाजूला होत होती.

चौकोन पडला. दोन्ही भागांवर. आता तीन बोटं बधिर.

दुपार

बाग. झाडं फुलली आहेत. माळ्यानं दोघांना पुरेल एवढी सतरंजी अंथरून ठेवली होती. मी उभीच राहिले. सतरंजीची उजवी बाजू दबलेली होती.

पानाचं छिद्र. तळवा गेला. तळवा गेला म्हणजे दुखत नाही, गारही लागत नाही. फक्त कोणीतरी धरून ठेवल्यासारखा जड.

हे धरणं मला ओळखीचं आहे. दवाखान्यात सहा तास धरला होता त्यानं, असाच. शुद्ध नव्हती पण पकड होती. मग ताई म्हणाली, घोटभर चहा पिऊन ये. मी बोटं एकेक करून सोडवली. दहा मिनिटांत आले. तेवढ्यात.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ताईला वाटतं मी शेवटपर्यंत जवळ होते.

संध्याकाळ

कॉफीचं दुकान. गेलेच नसते, पण पाय वळले. दुकानदार भला माणूस आहे, दोन कप मांडून बसला होता. एक कप अर्धा रिकामा. म्हणाला, साहेब आत्ताच उठले, निरोप ठेवलाय. पुढच्यावर्षी आली की तिला सांगा, उद्या चारला, वर.

दुकानदारानं विचारलं, हे काय नाव हो.

भीती आली. आता आली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि ते हे.

गोल छिद्र. मनगटापर्यंत. हे डाव्या हातानं लिहिते आहे.

१६ मार्च, रविवार, सकाळी नऊ

कार्ड फाडायला गेले. एका हातानं जमेना. दातात धरलं. नुसतं ओलं झालं.

मालकीणबाईंच्या घरी गेले, सगळं सांगितलं. ओरडल्या नाहीत. बसल्या आणि खिशातला हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे दुसऱ्या हातानं उचलून ठेवला. मेणासारखा. म्हणाल्या, वीस वर्षं झाली. यजमान गेले त्या वर्षी मीही नाव घातलं होतं. माझी उतरायची वेळ लिहिलेली होती म्हणून उतरले. हात सोडवून घ्यावा लागला, तो वरच राहिला म्हणायचा.

एकदा छिद्र पडलं की कार्ड फाटत नाही. उतरायची वेळ आता फक्त मनोऱ्यावरच लिहिता येते, मनोरेवाल्याला सांगून. आणि मी गेलेच नाही तर, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मग तो खाली येईल घ्यायला. काल कॉफीच्या दुकानापर्यंत आलाच होता ना.

ताईला फोन केला. उचलला नाही. चहा करत असेल.

साडेतीन

मनोरेवाले आजोबा वही घेऊन बसलेत. उतरायची वेळ लिहा म्हटलं. म्हणाले, लिहितो की, पण जोडीची आहे, दोघांनी सांगायला हवी. तुमचे यजमान वर गेलेत. त्यांना विचारून तुम्हीच कार्डावर लिहा.

मी म्हटलं, ते हयात नाहीत. आजोबांनी वहीत पाहिलं. म्हणाले, इथे तसं काही लिहिलेलं नाही.

रोजनिशी पिशवीत आहे. जाते.

जिना

पन्नासाव्या पायरीवर. वरून कोणीतरी पायऱ्या मोजतंय. तो मोजायचा. कुठल्याही जिन्यावर, हळू आवाजात— मी हसायची—

एकशे तीस. कोपर गेलं. हात माझ्या पुढे चाललाय. मी मागून—

वर

घंटेची खोली. चार खिडक्या. खाली सगळं गाव, झाडं फुललेली. पत्रकावरचा फोटो इथूनच काढलेला आहे. सोळा वर्षं तो हाच फोटो माझ्यापुढे—

दिसत नाही. पण उजवीकडे आहे.

कार्ड कठड्यावर ठेवलंय. घंटेचं छिद्र पडलं, त्याच्या भागावर. माझ्या भागावर अजून नाही.

विचारलं, किती वाजता उतरायचं. नुसती पकड.

मग रडू आलं. एवढं की अक्षर दिसेना. मी त्याला सांगितलं, दहाच मिनिटं गेले होते रे. चहा प्यायलासुद्धा नाही, कप तसाच ठेवून पळत—

पकड सैल झाली. एका बोटाची. त्याला कळलं. सोडवून घेता येईल आता. दुसऱ्यांदा. कार्डावर साडेचार लिहायचं, बोटं सोडवायची, दोनशे बारा पायऱ्या. ताई फोन करते आहे, पिशवीत वाजतोय—

पेन कार्डावर टेकवलंय. रकाना समोर आहे.

इतका गार आहे त्याचा हात. आणि मी परत—

खांदा—

लिहिते. साडे—

नाही, आधी हात, एकेक बोट— करंगळी— मी पुढच्या