एकोणपन्नास काडतुसं

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आज मला तुमचं ओरडणं हवं आहे.

तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या जावयाला इथे अमेरिकेत, बॉथेलला आल्यापासून रायफलचा नाद लागलाय. शिकार नाही, शनिवारी रेंजवर जाऊन कागदावर नेम धरायचा. विकतची काडतुसं महाग, म्हणून तो उडवलेल्या पितळी पुंगळ्या वेचून आणतो आणि गॅरेजमध्ये यंत्रावर पुन्हा भरतो. निम्म्या खर्चात होतं म्हणे. यंत्राचे पैसे वसूल व्हायला आधी किती हजार उडवावी लागतील, असं मी विचारलं तर म्हणाला, "यार, तू सगळी मजा किल करतेस." पण पुढे काटकसरीची हाव मलाच सुटली. सरावापुरती बंदुकीची वेगळी दारू मिळते, ती थोडीशीच भरायची, मग आणखी स्वस्त पडतं. पुंगळी अर्धीसुद्धा भरत नाही. म्हणूनच चुकून दोनदा घातली तरी सांडत नाही, कळत नाही, आणि रायफल गालाशी फुटते.

मला लहानपणचं आठवतं, दवाखान्याच्या मागच्या खोलीत तुम्ही काट्यावर औषधाची पूड तोलताय आणि मी नवी रिबीन दाखवायला मध्येच बोलते. तुम्ही थांबता. मग बांधून झालेल्या सगळ्या पुड्या सोडून मोरीत ओतता. औषध वाया गेलं म्हणून डॉक्टर चिडले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "शंका आली ना, मग ती चूकच धरायची. पगारातून कापा." आणि बाहेर येऊन बाकावरच्या पेशंटना सांगितलंत, "माझ्या हातून चुकलंय, थोडं थांबा." घरी मला ओरडलात ते वेगळंच. पण कंपाउंडरने असं चारचौघांत कबूल करावं याचीच मला तेव्हा जास्त लाज वाटली होती.

गेल्या रविवारी दुपारी मी दारू तोलत होते आणि तो वर गोळी दाबून बसवत होता. "हिचा हात हिच्या बाबांचा आहे," असं तो लोकांना सांगतो, मला ते फार आवडतं. तेवढ्यात ड्रायर वाजला. शर्टांना चुण्या पडतील म्हणून मी उठले, कपडे काढले, परत आले. समोरच्या पुंगळीत दारू आधीच घातली होती का? आठवेना. मी घातली आणि त्याच्या हातात दिली. "ओके ना?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. पन्नास काडतुसं, सगळी सारखी दिसणारी. काट्यावर तोलूनही उमगत नाही, कारण पुंगळ्याच कमीजास्त वजनाच्या. तेव्हापासून जेवताना मी त्याच्या उजव्या डोळ्याकडे बघते. काल लेक त्याला म्हणाली, "डॅड, कॅन आय शूट फर्स्ट?" तो म्हणाला, "शुअर, बेटा." माझ्या हातातला घास तसाच राहिला.

आज सकाळी मी ती काडतुसांची पेटी पाण्याच्या बादलीत उपडी केली आणि हातातून निसटली म्हणून सांगितलं. तो हळहळला, "अगं, अख्खा रविवार गेला होता त्यात! जाऊ दे, आज विकतची नेतो." सुटले, असं वाटलं. म्हणून तुम्हाला लिहायला बसले, की बघा, मीही ओतून टाकलं.

इथवर लिहून उठले आणि बादलीतली काडतुसं बाहेर काढली. एकोणपन्नास आहेत. तीनदा मोजली. एखादं पेटीबाहेर राहिलेलं त्याने उचलून बॅगेत टाकलं असेल, विकतच्यांत मिसळून, आणि तेच ते दोनदा भरलेलं नसेल हे कोण सांगणार? बाबा, मला फार भीती वाटतेय, आणि खरं सांगते, या क्षणीसुद्धा मी नवं खोटंच शोधतेय. तुम्ही त्या बाकासमोर म्हणालात तेवढं एक वाक्य तोंडातून निघत नाहीये.

गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज आला. लेक कानाला आवाज अडवणारे मफ लावून गाडीत बसलीये, मी नुसती ओरडले तर तिला ऐकू जायचं नाही. पळते.