दीड इंच जवळचा क्लच

ती. साडूभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा सोडून. तो सध्या वाकत नाही, तेवढा नमस्कार बाकी ठेवतो. कारण पुढे येतंच.) तुमची तब्येत उत्तम असणार हे मी धरूनच चालतो, कारण ती नेहमी उत्तमच असते, पूर्वी मला याचा आनंद व्हायचा. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. दवाखाना जोरात चालला असेल. लोकांचे दात असेच किडत राहोत आणि घरामागच्या शेडकडे फिरकायला तुम्हाला क्षणाची सवड न मिळो, ही मनापासूनची सदिच्छा.

मी तुमच्यावर जळत नाही, असं गेली दोन वर्षं मी भेटेल त्याला सांगत आलो आहे, न विचारता सांगत आलो आहे. ते खोटं होतं. जळतो. अहो, वीस वर्षं मी लोखंडात काढली. आमच्या गल्लीतल्या निम्म्या फाटकांना आणि जिन्याच्या कठड्यांना माझा हात लागलेला आहे. आणि तुम्ही, दातांचे डॉक्टर, एका रविवारी उठून भंगारातल्या जीपची चासी आणता काय, तिच्यावर पाइपांचा पिंजरा उभा करता काय, पुढे अडकलेली गाडी दोरीने ओढून काढणारी विंच बसवता काय आणि पहिल्याच वर्षी खड्ड्या-चिखलांच्या त्या शर्यतीतून चषक घेऊन घरी येता काय! तुमचं वेल्डिंग मी चष्मा लावून, नाक टेकवून पाहिलं. कुठेतरी फुगवटा, कुठेतरी भोक सापडेल अशी फार आशा होती. सापडलं नाही, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. (दाढा भरणाऱ्या माणसाला फटी भरणं काय अवघड, असं मी हिला म्हणालो. ही म्हणाली, मग तुम्हीही भरा.)

तेव्हा मी गाडी बांधायचं ठरवलं. कशी बांधली, हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही; तुम्हाला सांगतो, कारण चोरी तुमच्याकडेच झाली. तुमच्या धाकटीच्या वाढदिवसाला आम्ही आलो होतो, तेव्हा हात धुऊन येतो म्हणून मी उठलो आणि पाऊण तास आलो नाही, हे तुम्हाला आठवत असेल. (ताईंनी पोटाचं औषध विचारलं होतं. पोट ठणठणीत होतं.) मी तुमच्या शेडमध्ये होतो. टेप काढली असती तर खटकन वाजली असती, म्हणून सगळी गाडी मी वितीने आणि बोटांनी मोजली, आणि मापं डाव्या हातावर कोपरापर्यंत बॉलपेनने लिहून घेतली. मग भर उन्हाळ्यात बाह्या खाली करून केक खाल्ला. दुसऱ्या दिवशी सगळं कागदावर उतरेपर्यंत आंघोळ केली नाही. अशी निष्ठा मी शाळेत दाखवली असती तर आज मीही लोकांना तोंड उघडा म्हणून सांगत असतो.

मापं घेताना माझ्या लक्षात आलं की तुमचा क्लच नेहमीच्या जागेपेक्षा दीड इंच माणसाकडे ओढलेला आहे. बाकी सगळं सरळ आणि हे एवढंच वाकडं. मला वाटलं, सापडलं. हेच तुमचं गुपित. क्लच जवळ म्हणजे पाय लवकर पडणार आणि चढावर गाडी क्षणभरही मागे सरकणार नाही. त्या आनंदात मी तुमच्या स्टिअरिंगखालचा छोटा लोखंडी आकडासुद्धा मोजून घेतला आणि तस्साच माझ्या गाडीत जोडला. त्याला काय लटकवायचं ते कळेना, म्हणून पक्कड लटकवली. (तुम्ही तिथे चष्म्याची दोरी अडकवता, हे नंतर कळलं. पक्कड पहिल्याच खड्ड्यात उसळून कपाळावर बसली.) सात महिने दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मी गाडी पुरी केली. या काळात आमच्या हिने एकदा, फक्त एकदा, वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरून विचारलं की एक टाका मी मारून बघू का. मी म्हणालो, तू तुझं शिवणाचं मशीन सांभाळ. ती गेली. मला तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

शर्यतीचं सगळं तुम्ही पाहिलंतच, तरी माझ्या बाजूने लिहितो, कारण खड्ड्यातून जग वेगळं दिसतं. त्या जुन्या दगडखाणीत तुमची पाळी माझ्या आधी होती. तुमची गाडी चढावर अडकली, तुम्ही नुसती मान हलवली आणि ताई उडी मारून विंचची दोरी घेऊन वर पळाल्या, दोरी झाडाला बांधली, हात वर केला. तुम्ही दोघं एक अक्षर बोलला नाहीत. गाडी वर आली. आणि त्याच क्षणी मागून शिट्टी ऐकू आली. दोन बोटं तोंडात घालून मारलेली, लांबलचक, कान फाडणारी. मी वळून पाहिलं, तर आमची ही. खाणीच्या काठावर छत्री बाजूला टाकून उभी. पंधरा वर्षं संसार केला, हिला शिट्टी येते हे मला माहीत नव्हतं. चषक तुम्ही न्या, साडूभाऊ. त्या शिट्टीने माझा जो जळफळाट झाला तो कशानेच शमणार नाही.

त्याच तिरीमिरीत मी गाडी घातली. चढाच्या मध्यावर क्लच दाबला आणि सोडायला गेलो, तर गुडघा सुटेना. (मी सहा फूट. माझी मांडी तुमच्या मापाच्या जागेत मावणार कशी?) पाय क्लचवर, गुडघा स्टिअरिंगखाली पाचरीसारखा बसलेला, आणि गाडी शांतपणे, शिस्तीत मागे मागे डबक्यात. माझ्या शेजारी बसलेला आमचा रंगारी दोरी घेऊन उतरायच्या ऐवजी दोरी गाडीतच टाकून उतरला आणि घरी गेला. मला तुम्ही बाहेर काढलंत. तुमच्याच विंचने. हसला नाहीत, याबद्दल तर मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही.

परत येताना हिने आधी माझा गुडघा दाबून पाहिला. मग म्हणाली, "तो क्लच भाऊजींच्या पायाचा आहे."

मी म्हणालो, म्हणजे काय?

"त्यांचा डावा पाय दीड इंच आखूड आहे. एरवी बुटाचा तळ जाड असतो म्हणून दिसत नाही; गाडीत साधे बूट घालतात. त्यांच्या पँटी मीच शिवते ना."

"मग सात महिने बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"



असो. गाडी बाहेर ताडपत्रीखाली आहे. लोभ तुमच्यावर आहे, तुमच्या गाडीवर त्याहून जास्त आहे.

आपला,
धाकटा साडू

ता. क. : पुढची शर्यत दोन महिन्यांनी आहे आणि रंगारी फोन उचलत नाही. एवढं मोठं पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. ताईंनी हिला सहज विचारावं, की माझ्या गाडीत शेजारी बसून दोरी घेऊन पळशील का. मी विचारायला सांगितलं हे मात्र कळू देऊ नका. मशीन सांभाळ म्हणणाऱ्या तोंडाने आता मी काय विचारू? आणि ही नाही म्हणाली, तर तेही मला ताईंकडूनच कळलेलं बरं.

ता. क. दुसरा : ही माझ्या गाडीत बसली तर काठावर शिट्टी मारायला कुणी उरत नाही, हे आत्ता लक्षात आलं. तरी विचारा.

ता. क. तिसरा : ताईंना काही विचारू नका. पोस्टाची तिकिटं हिच्या मशीनच्या खणात असतात, म्हणून पाकीट उघडंच तिथे ठेवून मी एका फाटकाच्या कामावर गेलो. संध्याकाळी आलो तर आतल्या पत्रावर काळ्या तेलाचा अंगठा आणि बाहेर ग्राइंडर चालू. ताडपत्री काढलेली. हिने क्लच कापून नवा जोडला आहे. टाके तुमच्याइतके देखणे नाहीत, पण माझ्यापेक्षा बरे आहेत. मी हौसेने बसायला गेलो, तर वाकणारा गुडघा पार छातीला टेकला आणि न वाकणारा दाराबाहेरच राहिला. सीट पुढे सरकवलेली, क्लच हिच्या पायाच्या मापाचा. "गाडी मी चालवणार," असं म्हणाली आणि विंचची दोरी माझ्या हातात दिली. तरी ताईंचे ते चिखलात पळायचे बूट कुठून घेतलेत, तेवढं उलट टपाली कळवा. माझ्या पायाचं माप खाली लिहिलं आहे. हिने घेतलंय, त्यामुळे बरोबर असणार.