बत्ताशीचा डावा डोळा

सोम. १२ जानेवारी ८७, धुळे

पुन्हा बत्ताशीचा डावा डोळा! दिवाळीपासून तिसऱ्यांदा. उजवा निळा टक्क उघडा, डावा पिवळा मिटलेला. एका दिव्यावर चालणारी मोटार. अक्कांचं सासूपण पार बाजूला पडलंय, दिवसभर मांजर मांडीवर आणि तोंडाने "मन्ही माय, मन्ही माय". माझा संशय कौलांवरच्या पिवळ्या बोक्यावर. नखं मारत असणार मेला. आज त्याला चप्पल फेकून मारली, लागली नाही.

मंगळ. १३ जाने.

शाळेतून परस्पर जनावरांच्या दवाखान्यात. पिशवीत ब., पुढे रांगेत दोन म्हशी आणि एक बैल. लोक हसत होते. हसू देत. डॉक्टर मात्र चांगले. टॉर्च लावून वेळ घेऊन पाहिलं. म्हणाले, "बाई, बुबुळावर जखम आहे. बरी होईल. पण हे असं परत परत होत राहिलं तर फूल पडेल, आणि मग डोळा गेला समजा." मलम दिलंय. नखं मारून घेऊ नये म्हणून गळ्यात कॉलर घाला म्हणाले. मांजराची कॉलर धुळ्यात कुठे मिळायची?

गुरु. १५ जाने.

मिळाली! शेजारच्या रझियाभाभींनी शिवून दिली, ब्लाउजच्या पट्टीला घालतात त्या कडक बकरमची. "लो, बेगम तयार!" बेगम दोन तास भिंतीला धडकत होती, मग रुसून पेटीवर जाऊन बसली. मलम घालताना माझ्या हातावर चार ओरखडे. वर्गात पोरी विचारतात, बाई काय झालं. म्हटलं, भूमिती.

अक्का आज मुलीकडे गेल्या, दोंडाईच्याला, आठ दिवस. माहेरही तिथलंच. निघताना मांजराला सतरा सूचना, मला एकही नाही.

रवि. १८ जाने.

हे रावेरहून आले. केळीच्या वखारीत हिशेब बघणारा माणूस, सगळ्याची सोय वखारीतच लावतो. "आणखी एकदा झालं तर हिला वखारीत नेऊन सोडतो. उंदीर भरपूर, मोकळी हवा, आपोआप बरी होईल." मी भाकरी जरा जोरात थापल्या. मलाच माहीत, मला किती राग आला ते. शाळेतून आल्यावर जो एक जीव माझी वाट पाहत असल्यासारखा वाटतो, तो वखारीत?

गुरु. २२ जाने.

उघडला! लख्ख! मधासारखा पिवळा, डाग नाही, पाणी नाही. कॉलर काढली. मी एकटीने, माझ्या हातांनी बरा केला. बोका दिसला तर त्याला जीभ काढून दाखवीन.

शुक्र. २३ जाने.

अक्का परत. संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू. बायका वाण घेऊन जागच्या हलेनात, सगळ्या मांजराभोवती. एक निळा, एक पिवळा! काय बाई डोळे! ब. मध्यभागी बसून कौतुक करून घेत होती. मीही जरा मिरवले. अक्कांचं तोंड मात्र कडू.

रवि. २५ जाने.

बंद. डावा. सुजलाय. काल दुपारपर्यंत ठीक होती. शनिवारचा दहावीचा जादा तास संपवून सहाला घरी आले तेव्हा माळ्यावर लपलेली, खाली येईना. आज हा प्रकार. आठवडाभर बोका फिरकलेला नाही, म्हणजे तो निर्दोष. चप्पल फेकल्याचं वाईट वाटतंय.

ह्यांनी नुसतं पिशवीकडे पाहिलं. मी म्हटलं, हात लावून बघा.

मंगळ. २७ जाने.

डॉक्टर या वेळी गंभीर. आधीच्याच जागी जखम, खोल. "घरात काही धूर? चुना? फवारणी?" म्हटलं, गॅस आहे हो आमच्याकडे. "मग कशाने होतंय ते शोधा. आता परत झालं तर माझ्या हातात नाही." रडू आलं. रिक्षात आवरलं, शाळेतल्या पोरी दिसल्या.

शनि. ३१ जाने.

सापडलं. 

शाळेचा हॉल कुणाच्या कार्यक्रमाला दिलेला, जादा तास रद्द. साडेचारलाच घरी. दारातच असा ठसका लागला की उंबरा धरून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी. आत कोळशाच्या शेगडीत निखारे, त्यात लाल मिरच्या, मीठ, मोहरी. अक्का पाटावर, आणि मांडीत गच्च धरलेली ब., तोंड थेट धुरावर. अक्का तिच्यावरून मूठ ओवाळतायत.

"अक्का! काय करताय?"

"नजर काढस. बठ्ठा लोके तिना डोया देखतस, मंग काय व्हई? आनि देख, इतल्या मिरच्या टाक्यात, ठसका उना नही. पक्की नजर शे."

आणखी मूठभर टाकायला निघाल्या होत्या. मी शेगडी उचलून न्हाणीत नेली आणि वर बादली ओतली. घरभर वाफ. दर शनिवारी, मी तासाला गेले की! डोळा बरा झाला की कौतुक, कौतुक झालं की धूर, धुराने डोळा जातो, डोळा गेला की पुन्हा धूर. आणि मी बोक्याच्या मागे चपला घेऊन.

नको ते बोलले. "तुम्हीच तिचा डोळा फोडताय" असं म्हणाले.

"मी? मी तिना डोया फोडस?" एवढंच. मग भिंतीकडे तोंड.

रवि. १ फेब्रु.

अक्का जेवल्या नाहीत. हे दोघींच्या मध्ये केळ्याची फणी ठेवून परत गेले. वखारीचं नाव या खेपेला काढलं नाही, वातावरण पाहून. मलम दिवसातून चारदा. ब. अक्कांच्याच पायाशी झोपते, तिला काही राग नाही. मला आहे. आणि अक्कांची दयाही येते, ती कुठे ठेवू?

बुध. ४ फेब्रु.

नववीला डब्यावरून ओरडत होते, वर्गात कुणीतरी मिरचीचा ठेचा आणलेला, सगळ्या खोकत होत्या. आणि फळ्यासमोर उभी असतानाच डोक्यात उजेड पडला.

अक्का दोंडाईच्याच्या! बाप मिरचीचा व्यापारी. लहानपण मिरचीच्या ढिगांवर गेलं, लग्न होईपर्यंत देठं खुडली. या बाईला मिरचीचा ठसका लागतच नाही! कधीच नाही लागलेला! ठसका आला नाही की नजर पक्की, म्हणून आणखी टाका. मग नजर उतरणार तरी कधी?

घरी येऊन समोर बसले. आवाज चढवला नाही. "अक्का, ठसका लागला म्हणजे नजर नाही, बरोबर?"

"हा."

"शनिवारी मला दारात लागला."

अक्कांनी मांजराकडे पाहिलं. मग, "तुले ठसका उना व्हता? खरं सांग."

"रझियाभाभींना विचारा. त्या भिंतीपलीकडे खोकत होत्या."

विचारलं! पदर खोचून स्वतः गेल्या. भाभी म्हणाल्या, "अक्का, हर हफ्ते खांसती मैं. सोचा, मसाला कूटते होंगे."

परत आल्या. मांजराला उचललं, त्या मिटल्या डोळ्यावर गाल टेकला आणि रडल्या. "मन्हं काई चुकनं नही ना व, माय?" मला विचारलं की मांजराला, कळलं नाही. मी म्हटलं, नाही.

शनि. ७ फेब्रु.

करार असा. नजर काढायची, पण धूर भाईर, परसाच्या टोकाला. बत्ताशी घरमा, दार लावून. आणि ठसक्याची परीक्षा माझ्याकडे. एकच मिरची पडली आणि मी अशी खोकले की गल्लीतली कुत्री उठली. थोडं वाढवून खोकले, खरं तर. अक्का समाधानाने म्हणाल्या, "बस. नजर नही."

रवि. १५ फेब्रु.

डोळा अर्धा उघडा. ह्यांना हाताला धरून नेऊन दाखवला. "वखारीत उंदीर कोण धरतं मग?" म्हटलं, तुम्ही आहात की.

शुक्र. २० फेब्रु.

पूर्ण उघडा. जिंकलो! डॉक्टरांनी टॉर्च लावला, पुन्हा लावला. फूल नाही. कडेला मोहरीएवढा फिका डाग, तो राहील म्हणाले, दिसण्यावर परिणाम नाही. रांगेतल्या गुराख्यालाही सांगितलं मी, वाचला म्हणून. त्याने म्हशीला सांगितलं असेल.

अक्का दारातच. "डॉक्टर काय बोलना?" सांगितलं. "बठ्ठी नजर भाईर गयी, म्हनीसन बरं व्हयनं," असा त्यांचा निकाल. माझ्या मते मलम. दोघी आपापल्या जागी खूश, वाद घातला नाही. संध्याकाळी भरीत केलं, अक्कांनी मिरच्या हात राखून घातल्या.

एक त्यांना सांगितलं नाही. निघताना डॉक्टर बत्ताशीकडे बघत म्हणाले होते, "काय सुंदर डोळे आहेत हो!"  गणिताची बाई मी. घरी आल्यावर कुणी नाही असं पाहून मूठभर मीठ घेतलं, तीनदा ओवाळलं, पाण्यात टाकलं. मागे वळले तर अक्का.

"ठसका उना का?"

मिठाला कसला ठसका. दोघी हसलो, पोट दुखेपर्यंत.

आता ब. पेटीवर अंग चाटत बसलीय. डाव्या कोपऱ्यात जरा ओलं दिसतंय. रिक्षातला वारा असेल. अक्कांनीही पाहिलंय. मलमाची नळी आणि मिठाची बरणी शेजारी शेजारी ठेवलीय. उद्या शनिवार.