बंडूला मैयात सोडला

१४ जुलै १९८१, रांझी
हे फॅक्टरीतून आले ते डब्याच्या पिशवीत कासवाचं पिल्लू घेऊन. मित्राच्या शेतात सापडलं म्हणे. आठ आण्याच्या नाण्याएवढं! मी किंचाळलेच. नीलूने लगेच नाव ठेवलं, बंडू. नऊ वर्षांची पोर, आज जेवायलाही उठेना.

२ ऑग.
सासूबाईंनी बंडूला टबात सोडलं. हातपाय झाडून नुसती बाहेर यायची धडपड. नीलू ओरडली, "आई, इसको पानी पसंद नहीं!" मी म्हटलं, तुझ्यासारखाच आहे, आंघोळीचा चोर. सगळे हसलो. आता अंगणात असतो. गवत, जास्वंदीची फुलं खातो.

९ मार्च १९८७
बंडू पोळीच्या डब्याएवढा झाला. पाठीवर पिवळ्या चांदण्या. नीलूचा अभ्यास त्याच्यासमोर बसून. माझ्याशी बोलायला मात्र वेळ नाही बाईसाहेबांना.

३ फेब्रु. १९९२
नीलूचं लग्न ठरलं, घमापूरचे लोक. मुहूर्त याच महिन्यातला. पेढे वाटून होत नाहीत तोच सासूबाईंनी बॉम्ब टाकला. "म्या नवस बोलली होती. पोरीचं जमलं का कासव नर्मदामैयात सोडीन."
"आई, काहून असे नवस बोलता? एकदा विचारायचं तरी!"
नीलू खूप रडली. मग स्वतःच म्हणाली, "पानी का जीव आहे आजी, घर जाऊ दे त्याला."

१७ फेब्रु.
ग्वारीघाटावर मैयाची ओटी भरली, आरती केली. नीलूने स्वतःच्या हातांनी सोडला. बंडू पोहलाच नाही. दगडासारखा खाली. आम्ही मेले "नर्मदे हर" म्हणत हात जोडून उभे! नीलूच आधी ओरडली, "बाबा, तो डूब रहा है!" हे कपड्यांनिशी पाण्यात. पायाने चाचपून काढला. नाकातून पाणी, मान लोंबती.
जमिनीवरचा जीव. अकरा वर्षं डोळ्यांसमोर जमिनीवरच तर होता. देवा, आम्हाला दिसलं कसं नाही?

१८ फेब्रु.
गुरांच्या डॉक्टरांनी तपासलं. जिवंत आहे म्हणाले. वाचेल का, सांगता येत नाही.
नीलू उन्हात त्याच्याजवळ. अन्न नाही, पाणी नाही. "याने मान उचलली नाही तर मला हळद लावू नका." ह्यांनी समजावलं, मी रागावले. ढिम्म.

१९ फेब्रु.
उद्या हळद. मांडववाले येऊन बांबू टाकून गेले. बंडूचा एक पाय हलला असं नीलू म्हणते. मला दिसला नाही.
पाहुण्यांना काय सांगायचं? घमापूरला कोणत्या तोंडाने निरोप धाडायचा? डोकं चालेना. शेवटी सासूबाईंना म्हटलं, "आई, बोला ना एखादा नवस."
देवासमोर बसल्या होत्या. हात जोडायला गेल्या आणि मागे घेतले.
"नको वो बाई. आता देवाला काही मागाची भीती वाटून राहिली."