वाचवलेली तार

अश्विन वद्य एकादशी, पनवेल

मनातून जात नाही म्हणून लिहिते. गॅलरीतल्या सेरिसाच्या बोन्सायची फांदी आज माझ्या हातून मोडली. ह्यांचा उजवा हात लुळा पडल्यापासून हे खुर्चीतून सांगतात आणि मी करते. पावसात फांदी जाड झाली आणि वळणासाठी गुंडाळलेली तार सालीत रुतली.

"तुकडे करून काढ, सोडवत बसू नकोस," ह्यांनी दोनदा बजावलं होतं. पण एवढी चांगली तार, पुन्हा कामाला येईल की! शिवाय दिवेलागणीनंतर मी झाडाला हात लावत नाही, म्हणून घाई. उलटी फिरवून सोडवायला गेले आणि कट् झालं. तार मात्र अख्खी.

हे चिडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "माझ्या हाताने वळवलेली ती शेवटची होती गं."

देवापाशी दिवा लावला, पण स्तोत्रात लक्ष लागेना. तेवढ्यात हाक आली. "फांदी टाकली नाहीस ना? मातीत खोच. सेरिसा आहे, मूळ धरेल."

"अहो, दिवे लागलेत."

"माझा हात नेताना देवाने वेळ बघितली होती का?"

दह्याच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून माती भरली, फांदी खोचली. माती ह्यांनीच दाबली, डाव्या हाताने. आजवर त्या हाताने झाडाला शिवले नव्हते.

"ती तार जपून ठेव. हिला वळवायला लागेल."

त्याला दोन पावसाळे तरी जातील. तार पुसून देवघराच्या खणात ठेवली आहे.